डोकरीची धार पहिली

ती निळी तबकडी माझ्या हातात पहिल्यांदा आली तेव्हा मला भातुकली आठवली. चार उथळ वाट्या आणि धरायला एक दांडी. गाईच्या चार सडांचं दूध चार वाट्यांत घ्यायचं, त्यावर जांभळं औषध टाकायचं आणि तबकडी हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. दूध पातळ राहिलं तर सड चांगला. शिजलेल्या साबुदाण्यासारखं लिबलिबीत झालं, तर वरून काही दिसत नसलं तरी त्या सडात दगडी शिरली असं समजायचं. दगडी म्हणजे कासेचा रोग. कास दगडासारखी टणक होते, दुधात गाठी येतात आणि वेळेवर कळलं नाही तर तो सड कायमचा आटतो.

आता ती तबकडी गोठ्याच्या खांबाला खिळ्यावर टांगलेली असते. धुऊन टांगायची, काढून वापरायची, परत धुवायची. शेण, चारा, कुट्टी, पाणी, धार, भांडी, आणि त्यात आता हे. कंटाळा येतो हो. खोटं कशाला बोलू? गोठ्यातली बाई हसतमुख असते ती फक्त ढेपेच्या पोत्यावरच्या चित्रात.

माझं माहेर वरणगावचं. वडील फॅक्टरीत होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. दूध पिशवीतून येतं एवढीच माझी गाईशी ओळख. लग्न होऊन इकडे दोंडाईच्याजवळच्या खेड्यात आले तेव्हा मला अहिराणीही कळत नव्हती आणि गायही कळत नव्हती. अहिराणी लवकर कळायला लागली. गाय अजून कधी कधी कळत नाही.

घरात आम्ही तिघं. नवरा नरडाण्याला कारखान्यात पाळीवर जातो, येतो तो झोपायला. सासूबाई गेल्या. राहिले सासरे, त्यांना सगळा गाव आबा म्हणतो आणि मीही आबाच म्हणते. गोठ्यात गाई तीन, आणि तिन्ही एकाच कुळातल्या. सगळ्यात मोठी ती डोकरी, म्हणजे म्हातारी. दुसरी तिची लेक. तिसरी त्या लेकीची लेक, नुकतीच पहिल्यांदा व्यायलेली. तिला आबा नुसतं पोर म्हणायचे, म्हणून मीही पोर म्हणते.

धार आबा काढायचे. गोठ्यातलं बाकी सगळं माझ्याकडे, पण धारेला मी हात लावायचा नाही हे न बोलता ठरलेलं होतं. त्याचं कारण मला नवऱ्याने लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी सांगितलं. आमचं घर बौद्ध. आबा तरुणपणी दुसऱ्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मालकाच्या गोठ्यातलं शेण त्यांनी काढलं, वैरण त्यांनी टाकली, गाय अडली तर आत हात घालून वासरूही त्यांनीच ओढून काढलं. पण गाय व्यायली की त्यांनी बाजूला व्हायचं. धार मालकाच्या घरचं माणूस काढणार. "तुना हात धारले लावाना नही," असं त्यांना तोंडावर सांगितलेलं. वासराला चालणारा हात दुधाला चालत नव्हता.

पुढे सालदारकी सुटली आणि आबांनी स्वतःची गाय आणली. ती ही डोकरी. आणली तेव्हा कालवड होती. तिची पहिली धार त्यांनी काढली, आणि तेव्हापासून एकही धार दुसऱ्या कोणाला काढू दिली नाही. आमच्या घरात गाईला हळदीकुंकू लागत नाही, तिची पूजा होत नाही. पण डोकरीचा मान होता. सकाळ असो, संध्याकाळ असो, धार पहिली तिची.

"ती पहिले उनी या घरमा," म्हणजे पहिली आली, असं आबा म्हणायचे. "मंग पहिलं दूध तिनं."

आणि त्यांची आणखी एक रीत होती. डोकरीची धार झाली की बोटांना लागलेला फेस ते पुसायचे नाहीत. तोच हात घेऊन लेकीकडे जायचे, तिचे सड त्या फेसाने ओले करायचे आणि मग धार सुरू करायचे. पोर व्यायल्यावर तिच्या सडांनाही तोच फेस. कोरड्या सडाला ओढ बसते हे खरं, काहीतरी ओलं लागतंच. पण आबांचं म्हणणं वेगळं होतं.

"आईनं दूध लेकले लागनं, तं लेक बी आईसारखी व्हई."

ऐकायला इतकं गोड, की मीही कधी त्यात काही पाहिलं नाही. डोकरी होतीच तशी गुणाची. कधी लाथ नाही, कधी आजार नाही, म्हातारपणातही बादली बऱ्यापैकी भरायची.

आणि तरी आमच्या गोठ्यातून दगडी हटत नव्हती. लेकीचा एक सड आटून गेला. इंजेक्शनं झाली, मलमं झाली, कोणी सांगितलं म्हणून कासेला लेप लावून झाले. बरं वाटायचं आणि पुन्हा यायचं. तेवढे दिवस दूध ओतून द्यायचं, कास शेकायची, गाईच्या लाथा खायच्या, आणि घरात येऊन पुन्हा चूल. मला तर कासेवर हात ठेवायचीही भीती वाटायला लागली होती. आज गरम लागते की काय, एवढंच मनात.

नवऱ्याचं मत ठाम. आबांचे हात थकलेत, पूर्ण पिळत नाहीत, दूध आत राहतं, म्हणून दगडी होते. पोर व्यायली त्या आठवड्यात त्याने मला सांगून टाकलं, "हिला दगडी झाली तर मी धारेचं मशीन आणतो. आबांनी बाजेवर बसायचं. बस झालं आता."

तो हे मला म्हणाला, पण आबा ओट्यावरच होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून पोरीची धार काढायला जास्त वेळ लावायला लागले. पिळून पिळून काढायचे. मनगट दुखायचं, ते मांडीवर दाबून धरायचे आणि परत काढायचे. मी बघायचे आणि मला त्या मशीनचा, नवऱ्याचा, दगडीचा, सगळ्यांचा राग यायचा.

मग दोंडाईच्याहून गुरांच्या डॉक्टर यायला लागल्या. तरुण मुलगी, स्कूटीवर येते, डोळ्यांवर गॉगल, पायात गमबूट. बोलते भराभर, जसं काही मागे कोणी लागलंय. तबकडी तिनेच आणली. म्हणाली, "इंजेक्शन नंतर. आधी बघू कोणाला काय आहे."

आम्हा सगळ्यांची नजर पोरीवर. तिच्या तीन वाट्या पातळ निघाल्या. चौथी फिरवताना दूध जरासं दाटल्यासारखं झालं, चिकट धागा सुटावा तसं. डॉक्टर म्हणाली, सुरुवात आहे. आबांनी खांब धरला.

लेकीच्या चालू सडांपैकी एक थोडा खराब होता. मग डॉक्टर डोकरीकडे वळली, तेव्हा मीच म्हणाले, "तिला राहू द्या मॅडम, ती ठणठणीत आहे."

तिने ऐकलं नाही. डोकरीच्या चारही वाट्या फिरवता फिरवता घट्ट झाल्या. इतक्या, की तबकडी वाकडी केली तरी दूध सांडेना, एकत्र गोळा होऊन घसरायला लागलं. कास मऊ, अंगात ताप नाही, दुधात गाठ नाही. बाहेरून काही नाही आणि आत सगळं तेच.

डॉक्टरने एक प्लॅस्टिकची चपटी ताटली काढली. आत तीन कप्पे आणि त्यांत जेलीसारखं काहीतरी पसरलेलं. एका कप्प्यात डोकरीच्या दुधाचा थेंब, दुसऱ्यात लेकीचा, तिसऱ्यात पोरीचा. थर्माकोलचा डबा दिला, आत बल्ब लावलेला, कोंबडीची पिल्लं उबवतात तसा. ताटली पालथी ठेवा, रात्रभर उबेत राहू द्या, म्हणाली. कोणता जंतू आहे हे उद्या दिसेल, मग औषध ठरवू. उगाच सगळ्यांना टोचायचं नाही.

दुसऱ्या दिवशी डोकरीच्या कप्प्यात पिवळसर ठिपके गच्च उगवलेले. पोरीच्या कप्प्यात तेच ठिपके, विरळ. लेकीच्या कप्प्यात काहीच नाही. तिची सूज जुनीच होती, औषधाची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाली, पोरीच्या सडात औषधाची ट्यूब सोडायची, ती बरी होईल. डोकरीच्या कासेत मात्र हा जंतू मुरून बसलाय, तो आता जाणार नाही.

"हा गाईकडून गाईकडे चालत जात नाही," डॉक्टर म्हणाली. "धार काढणाऱ्याच्या हातातून जातो. आबा, तुमच्या हातातून पसरतंय हे."

ती सरळ मनाने बोलली. तिला काय माहीत? मी मात्र आबांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात हळूच धोतराच्या घोळात घेतले. जसं काही कोणी बघायला नको.

डॉक्टर पुढे सांगत राहिली. क्रम बदला. आधी पोर, मग लेक, डोकरी सगळ्यात शेवटी. दोन गाईंच्या मध्ये हात गरम पाण्याने साबण लावून धुवायचे. एकीच्या दुधाचा फेस दुसरीला लावायचा नाही. पहिल्या दोन धारा वेगळ्या वाटीत काढून लांब फेकायच्या. मी मान हलवत होते. आबा ऐकतच नव्हते.

ती गेल्यावर आबा म्हणाले, "आते तूच काढ. मना हात नको."

"आबा, हाताचं नाही ते. क्रमाचं आहे. डोकरी शेवटी घेतली की झालं."

"तिले मांगे टाकू का मी?" एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मना हातमा शे ना ते. मंग तूच काढ."

आणि धार माझ्यावर आली.

आता सांगते, धार काढणं काय असतं ते. पहिल्या दिवशी बोटं दुखतात. मग मनगट. मग कोपरापासून खांद्यापर्यंत एक शीर ओढून धरल्यासारखी होते, आणि भाकरी थापताना परात हातातून निसटते. पोर नवखी, सारखी पाय झाडायची. लेक सोसून घ्यायची. डोकरी मला पान्हाच सोडायची नाही. मी खाली बसले की मान वळवून मागे बघायची, आबा कुठेत म्हणून. आबा ओट्यावर, गोठ्याकडे पाठ करून. ती दूध वर ओढून धरायची, कास ताणलेली राहायची, आणि मला धडकी भरायची की आता हिची खरीच दगडी होते.

नवरा खूश होता, आबांनी आपण होऊन सोडलं म्हणून. मशीन आणू म्हणाला. मी म्हणाले, आण, आणि त्याच्यासमोर तूच बस. आबा जेवायचे कमी. हात मात्र सारखे धुवायचे. धार काढत नव्हते, शेणाला हात लावत नव्हते, तरी नळावर जाऊन साबण लावून धुवायचे, पुसायचे, बघायचे, परत धुवायचे. एकदा माझ्या नणंदेची मुलगी आली होती, तर आपल्या त्या नातीला त्यांनी खाऊ कागदात गुंडाळून दिला. एरवी स्वतःच्या हाताने भरवायचे. ते बघून मी आत गेले आणि चुलीपुढे बसून रडले. थकवा होताच, त्यात हे.

डॉक्टर पोरीची ट्यूब सोडायला पुन्हा आली तेव्हा मी तिला गोठ्यात अडवलं. माझा आवाज चढलाच.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते आठवतं का? हातातून पसरतं म्हणालात. कोणाच्या? फक्त आबांच्या?"

ती गोंधळली. म्हणाली, "कोणाच्याही. ज्याने डोकरीला हात लावला त्याच्या."

"मग तसं दाखवा. तुमच्या त्या ताटलीत माझा हात लावा, तुमचाही लावा आणि त्यांचाही लावा."

ताटल्या मोजक्या असतात, दुधासाठी असतात, असं काहीतरी ती सुरुवातीला म्हणाली. मी हललेच नाही. मग मी तिला आबांची सगळी गोष्ट सांगितली, मालकाच्या गोठ्यापासून. तिने गॉगल काढला. पिशवीतून दोन ताटल्या काढल्या.

आबांना उठवून आणणं हेच मोठं काम होतं. शेवटी मी म्हणाले, डोकरी माझ्याकडे दूध सोडत नाही, तिची कास फुटायची वेळ आली, निदान एकदा या. त्यासाठी ते आले. खाली बसले. हात लावला आणि डोकरीने असा पान्हा सोडला की बादलीत सर सर आवाज घुमला. मग एका सडाला मी बसले, एका सडाला डॉक्टर. तिला धार काढता येत नव्हती, गुडघ्यावर उडवून घेतली. आबांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं.

मग हात न धुता तिघांनी एकेक बोट एकेका कप्प्यात टेकवलं. डॉक्टरने ताटलीवर पेनाने खुणा केल्या, कोणाचा कप्पा कोणता. तिघांनी हात गरम पाण्याने साबण लावून धुतले, आणि दुसऱ्या ताटलीत पुन्हा बोटं टेकवली. दोन्ही ताटल्या पालथ्या करून डब्यात.

सकाळी डबा उघडला तर प्लॅस्टिकवर वाफ जमलेली. मी, सवयीने, पदराने दोन्ही ताटल्या लख्ख पुसून ठेवल्या. स्टीलचं ताट पुसावं तशा. पुसून झाल्यावर पदर निळा दिसला आणि लक्षात आलं की खुणाही पुसल्या गेल्या. डॉक्टर आली तेव्हा मी तिला आधी तेच सांगितलं, जीव मुठीत धरून. तिने कपाळाला हात लावला.

आम्ही ओट्यावर आबांच्या बाजेजवळ बसलो. धुतलेल्या हातांची ताटली जवळजवळ कोरी, एखाददुसरा पांढरा ठिपका. न धुतलेल्या हातांच्या ताटलीत तिन्ही कप्पे भरलेले. पिवळसर ठिपके, तेच, डोकरीचे.

आबांनी ताटली हातात घेतली. चष्मा लावला. उन्हाकडे धरली. फिरवून बघितली, परत फिरवली.

"यामा मना कोनता?"

डॉक्टरने ताटली घेतली. तिनेही उन्हाकडे धरली, कप्प्याकप्प्यावर नजर टाकली. मला वाटलं, आता ही काहीतरी सांगून वेळ मारून नेणार.

"आबा, नाही सांगता येत," ती म्हणाली. "तुमचा कोणता, यांचा कोणता, माझा कोणता. मलाच ओळखू येत नाही."

"बठ्ठा सारखाच शेतस?"

"सगळे सारखेच आहेत."

आबांनी ताटली परत मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. आपले हात बघितले, मग माझे, मग त्या मुलीचे. चष्मा काढून डोळे पुसले, उघडपणे, आमच्या दोघींच्या समोर. मग उठले.

"पानी गरम कर वं माय," मला म्हणाले. "पोरले पहिले काढू."

मी पाणी आणलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि पोरीजवळ बसले. डोकरी आपल्या खुंट्यावरून बघत होती, तिला कळेना. तिने हंबरडा फोडला. आबांनी धार न थांबवता तिच्याकडे मान वळवली.

"थांब जराशी. तुना लंबर मांगे शे आते."

तेव्हापासून तसंच चाललंय. पोरीची चौथी वाटी आता पातळ राहते. डोकरीची राहत नाही, लवकरच ती आटवायची, म्हणजे तिची धार कायमची बंद करायची, असं ठरलंय. तोवर वैरणीची पहिली पेंढी तिच्यापुढे पडते, हा बदली मान आबांनीच तिला दिला. मशीनचं नाव आता कोणी काढत नाही. माझं काम वाढलंय. दोन्ही वेळा पाणी तापवायचं, प्रत्येक गाईमागे हातावर ओतायचं, तबकडी धुवायची, टांगायची. अंगात त्राण राहत नाही.

न धुतलेल्या हातांची ती ताटली डॉक्टरने परत मागितली होती, औषधात बुडवून फेकायला लागते म्हणे. आबांनी लगेच दिली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी नवरा कामावरून आला, त्याला दारातच थांबवलं, ताटली त्याच्या हातात ठेवली आणि विचारलं,

"सांग बरं, यामा मना कोनता?"